घरच्या बाजूच्या तीन ओळी

लालासाहेब सस्ते फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन फलटण तालुक्यातल्या आपल्या गावी आला, त्याला आता वर्ष होत आलं होतं; पण माणूस अजून घरात टेकला नव्हता. खाटेवर बसला की उठायचा, उठला की गोठ्यात जायचा, गोठ्यातून उसाच्या बांधावर, बांधावरून परत अंगणात. बुटांना पॉलिश करून झालं की चपलांना करायचा. त्याची आई मनुबाई म्हणायची, "आरं लाला, भवऱ्यावानी काय फिरतुयास? बघून बघून माझंच डोस्कं गरगराय लागलंय."

शेवटी सांगलीला नर्सिंगच्या होस्टेलवर असलेल्या लेकीनं, शिवांजलीनं, फोनवर सुचवलं, "पप्पा, बी. ए. ला बसा. माजी सैनिकांच्या जागा निघतात, पण पदवी लागते." त्याला ते पटलं. मुक्त विद्यापीठाचं केंद्र फलटणलाही होतं. पण या वयात पाठीला दप्तर लावून जाताना ओळखीच्यांना दिसायला नको, म्हणून त्यानं सातारचं धरलं. रविवार आला की पहिल्या गाडीनं सातारा.

तिथं मराठी शिकवायला सबीना मुलाणी म्हणून मॅडम होत्या. शिवांजलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील, पण त्यांनी खडू हातात घेतला की एसटीचे कंडक्टर, एमआयडीसीतले फिटर, आशा वर्कर असा सगळा वर्ग चिडीचूप व्हायचा. एका रविवारी त्यांनी गृहपाठ दिला. तुलनात्मक निबंध.

"ओळखीच्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या," त्या म्हणाल्या. "साम्य काय, भेद काय, ते लिहा. गाइडमधलं 'खेडे आणि शहर' मला नको. ते माझं पाठ झालंय."

लालासाहेबाला वाटलं, हे तर सोपं काम आहे. परतीच्या गाडीतच त्यानं वही काढली आणि पानाच्या मधोमध पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं 'फौज', उजव्या बाजूला 'घर'. डावी बाजू भरायला लागली ती थांबेचना. पहाटेची पीटी, लंगरमधल्या पुऱ्या, बर्फातली पोस्ट, रिक्रुटांना पिळून काढणारे बेळगावचे उस्ताद, बदलीच्या ऑर्डरी. पानांमागून पानं गेली. उजवीकडं मात्र तीनच ओळी झाल्या. 'घरी वेळेचे बंधन नसते. घरी जेवण गरम मिळते. घरी शांतता असते.' त्यापुढं काय लिहावं ते सुचेना. तो खिडकीबाहेर बघत राहिला, पेन दातांत धरलं, परत वहीत बघितलं. घर होतं, घरात आई होती, बायको संयोगिता होती, म्हैस होती. पण त्यांच्याबद्दल लिहायचं काय?

पुढच्या रविवारी मॅडमनी निबंध परत दिला. त्यावर लाल पेनाची एकही खूण नव्हती.

"सस्ते काका, फौजेवरचं मी एका दमात वाचलं. छानच आहे. पण याला तुलना म्हणायचं कसं? एका पारड्यात सगळं आणि दुसऱ्यात चिमूटभर."

"घराबद्दल एवढंच हाय, मॅडम. तिकडं काय घडतच न्हाई."

मॅडम हसल्या नाहीत. "दोन्ही बाजू सारख्याच जवळून बघितल्याशिवाय लिहायला बसू नका. आणि आधी ठरवा, तुलना कशावर करताय. जेवणावर? हुकमावर? एक धागा धरा आणि दोन्हीकडं ओढत न्या. दोन आठवडे घ्या."

लालासाहेब फौजी माणूस. त्याच्या लेखी ही ऑर्डर होती. त्यानं त्याच संध्याकाळपासून घराची टेहळणी सुरू केली.

संयोगिता भाकरी थापत होती. तो दारात वही घेऊन उभा राहिला. "उठतीस कवा तू रोज?"

"का?"

"सांग की. आणि पैलं काम कुठलं? म्हशीचं का पाण्याचं?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आवं, माझी हजेरी घेताय व्हय?"

"निबंधाला पायजे."

तिनं सांगितलं, पण तुटक-तुटक. त्याला वाटलं, हिला नीट सांगता येत नाही. आपणच बघितलं पाहिजे. दोन दिवस तो तिच्या मागं-मागं फिरला. ती धुणं घेऊन निघाली की हा निघाला, ती गोठ्यात वाकली की हा दाव्याला धरून उभा. बघता-बघता त्याला चुका दिसायला लागल्या. सरपण एकीकडं, पाणी तापवायची चूल दुसरीकडं. पाण्याचे हंडे वाटेत. आणि फडताळातले डबे तर कसेही, मोठ्याच्या पुढं बारका, बारक्याच्या मागं मोठा. तिसऱ्या दिवशी ती उसाच्या खुरपणीला गेली, तेव्हा त्यानं सगळं फडताळ रिकामं केलं, डबे पुसले, उंचीनुसार लावले आणि प्रत्येकावर कागद चिकटवून नावं लिहिली. हंडे भिंतीला एका ओळीत गेले. मनुबाई उंबऱ्यात बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "लाला, हे काय बरं लक्षण न्हाई."

संयोगिता दमून आली. हात धुऊन स्वयंपाकाला लागली आणि फोडणीच्या वेळी तिचा हात नेहमीच्या जागी गेला, तर तिथं मोहरी नव्हती. तेल तापलं, धुरावलं. ती डबे उघडत गेली, एक, दोन, तीन. कढई खाली उतरवून तिनं शांतपणे गॅस बंद केला.

"ह्ये कुणी केलं?"

"मी," लालासाहेब कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "नावं लिहिल्याती. वाचून घ्यायचं."

टेबलावर त्याची वही उघडीच होती. तिनं ती उचलली. डावी बाजू चाळली, मग उजवीकडच्या तीन ओळी वाचल्या. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग ते गेलं.

"घरी जेवण गरम मिळते," तिनं मोठ्यानं वाचलं. "मिळते म्हंजे? कुठनं मिळते? आभाळातनं पडतंय का?"

"निबंधाची भाषा असती तशी."

"तिकडं पुऱ्या कुणी तळल्या त्याचं नाव लिवलंय तुमी. लंगरमधला कोण तो तमिळ माणूस, त्याच्या मिशा बी लिवल्यात." वही तिनं जागेवर ठेवली, अगदी होती तशी. "माझं नाव तर कुठं दिसंना."

त्या रात्री जेवण गरम नव्हतं. सकाळी तिच्या भावाचा, जयराजचा, फोन आला. कवठे महांकाळकडं त्याची द्राक्षाची बाग आणि बेदाण्याचं शेड होतं. माल उतरला होता, बायका कमी पडत होत्या, त्याची बायको बाळंतीण होती. दर वर्षी या दिवसांत तो फोन करायचा आणि दर वर्षी संयोगिता म्हणायची, इकडचं सोडून कसं येऊ? या वेळी ती म्हणाली, "येते." पिशवी भरली, सासूच्या पाया पडली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"कवा येणार?" लालासाहेबानं विचारलं.

"शेड रिकामं झालं की."

ती गेल्यावर त्याला वाटलं, बरं झालं, आता घर आपल्या हातात आहे. काम त्याला जड नव्हतं. भाकरीसुद्धा जमली, जाड होती पण जमली. म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं, मग तीही वळणावर आली. पण कामं संपली की काय? तो वही घेऊन बसायचा. उजवी बाजू तशीच. आता तर घरी सगळं तोच करत होता, तरी लिहायला हात वळेना. तो उठायचा, अंगणात येरझाऱ्या घालायचा, परत बसायचा. मनुबाईला विचारलं, "आये, ती आधी काय करायची गं, मी नसताना?"

मनुबाईनं सुपारी कातरता-कातरता उत्तर दिलं, "मला काय इचारतुयास? मी ह्या घरात तुझ्या त्या बेळगावच्यावानी उस्ताद हुते. उस्तादाला कोण काय सांगत असतंय?"

तो चमकून तिच्याकडं बघत राहिला.

रविवारी सातारला त्यानं मॅडमना सांगितलं की निबंध झालेला नाही. मॅडम म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी. त्यानंतर मात्र मला नाही घेता येणार." वर्ग सुटल्यावर तो स्टँडवर आला. फलटणच्या गाडीकडं चालत निघाला आणि शेजारच्या फलाटावर सांगलीची गाडी लागलेली दिसली. आईजवळ शेजारची धोंडुबाई होतीच, तिचाच मुलगा म्हैस बघणार होता. लालासाहेबानं तिला फोन करून सांगितलं, जरा एक काम निघालंय, आणि सांगलीच्या गाडीत चढला. कराड गेलं, पेठ नाका गेला. शेजारचा म्हातारा म्हणालाही, "पाव्हणं, सीटला काटं हाईत का काय?"

वाटेत त्यानं फोन केला होता, म्हणून सांगली स्टँडवर शिवांजली त्याला भेटायला आली होती. वडा-पाव हातात देत म्हणाली, "पप्पा, आई तिकडं मजेत हाय. न्यायला चालला असाल तर इथनंच माघारी जावा."

"न्यायला न्हाई. निबंधाला चाललोय."

लेकीनं कपाळाला हात लावला.

कवठे महांकाळच्या पुढं गावाबाहेर माळावर जयराजचं शेड होतं. लांबलचक, चारी बाजूंनी उघडं, आत एकावर एक जाळ्यांचे कप्पे आणि त्यांवर पसरलेली द्राक्षं. काही अजून हिरवी, काही सुरकुतायला लागलेली. वारा आरपार वाहत होता आणि हवेत गोड-आंबूस वास होता. लालासाहेब उन्हातून आत आला, तेव्हा त्याला आधी फक्त आवाज ऐकू आला.

"आगं, त्या कडंला दाट झाल्यात, पातळ करा! वीरधवल, क्रेट हिकडं न्हाई, तिकडनं चालू कर. कितीदा सांगू रं तुला?"

हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. डोक्याला फडकं गुंडाळून, कंबरेला पदर खोचून संयोगिता कप्प्यांच्या मधल्या वाटेतून येत होती, आणि पाच-सहा बाया तिच्याकडं बघून हात चालवत होत्या. एक म्हणाली, "अर्जुनाक्का, पाव्हणं आल्यात बघ."

अर्जुना. ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात मनुबाईला ते जुनाट वाटलं, म्हणून संयोगिता ठेवलं होतं. लालासाहेब ते नाव साफ विसरून गेला होता.

"आलासा?" ती म्हणाली. तिला नवल वाटलं की नाही, हे कळलं नाही. "तिथं माठ हाय. पाणी प्या. मी आल्ये."

पण ती लगेच आली नाही. वाळत घालायच्या आधी द्रावणात बुडवलेला माल थांबला नसता. तो एका क्रेटवर बसला, उठला, परत बसला आणि शेवटी न सांगता क्रेट उचलायला लागला. वीरधवल नावाचा कामगार म्हणाला, "दाजी, तिकडं नगा ठिवू, अक्का वराडंल." त्यानं विचारलं, "मग कुठं ठिवू?" आणि सांगितलं तिथं मुकाट्यानं ठेवलं.

संध्याकाळी बाया गेल्यावर दोघं शेडच्या कडेला बसले. त्यानं वही काढली, पण उघडली नाही.

"तू आमच्यात आलीस तवा किती वयाची हुतीस गं?"

"एकोणीस. आता ह्ये बी निबंधाला?"

"मी बी भरती झालो तवा एकोणीसच."

आणि तो बोलायला लागला, अडखळत, मध्येच उभा राहून. भरतीच्या दिवशी त्याचे केस उतरवले, तिला दुसऱ्याच्या घरचं कुंकू लावलं. त्याला नंबर दिला, तिचं नाव बदललं. त्याला उस्ताद होता, तिला सासू. तोही पहिल्या महिन्यात लपून रडायचा, तीही रडली असेल. आणि भेद? त्याला वर्षातून दोनदा सुट्टी होती. तिला माहेरचे चार दिवस, तेही कुणी न्यायला आलं तर. त्याला प्रमोशन मिळालं. तो रिटायर झाला. बोलता-बोलता त्याचे पाय शेडच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"बसा की जरा," ती म्हणाली.

"बसतो. पण लिव्हू का ह्ये?"

"लिवा. तुमचा पेन हाय."

तो जयराजच्या ओसरीवर बसला आणि लिहीत सुटला. या खेपेला पानावर मधली रेघ नव्हती. एक वाक्य त्याचं, त्याच्याच शेजारी एक तिचं, असं ते आपसूक येत गेलं.

सकाळी ती तयार बेदाणा निवडत बसली होती, तेव्हा त्यानं तिला निबंध वाचून दाखवला. तिचे हात थांबले नाहीत. काड्या आणि डागाळलेले मणी बाजूला पडत होते. तो वाचत गेला आणि एका ओळीवर ती म्हणाली, "थांबा. ह्ये परत वाचा."

"'घर सोडताना दोघांनाही रडू कोसळले.'"

"मी कुठं रडले?"

"लग्नात! सगळ्यांनी बघितलं की."

"ते रडायचं असतंय म्हणून. न्हाई रडलं तर माणसं नावं ठेवत्यात." ती हसली. "आतनं मी लय खुश हुते. आमच्याकडं तवा टँकर याचा. हंडा घेऊन त्याच्या मागं पळायचं, भांडायचं, केस ओढायचं. तुमच्याकडं कॅनॉल हाय, ऊस हाय, असं ऐकून मी मैत्रिणींना सांगत सुटले हुते. आय रडत हुती आणि मी मनातनं म्हणत हुते, गाडी कवा सुटती एकदाची."

लालासाहेबानं वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. जे साम्य त्याला सगळ्यांत पक्कं वाटलं होतं, तेच खोटं निघालं.

"तुमी खरंच रडला हुता?" तिनं विचारलं.

"रेल्वेत. दाराजवळ उभा राहून, बेळगावपतूर." हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं पहिल्यांदा हात थांबवले आणि त्याच्याकडं नीट बघितलं.

"मग तुला रडू कवा आलं?" त्यानं विचारलं. "का आलंच न्हाई?"

"आलं की. पहिल्यांदा तुमी सुट्टीवर आला तवा."

"मी आलो म्हणून?"

"राग मानू नका. मी घर कसंबसं बसवलं हुतं. आत्याबाईंचा सूर कळला हुता, म्हशीचा कळला हुता. मग तुमी आला. उठायची वेळ बदलली, जेवायची बदलली, माणसांची ये-जा सुरू झाली. एवढ्यात गोडी लागाय लागली, की तुमी चालला. परत सगळं पयल्यापासनं बसवायचं. दर सुट्टीला दोनदा. आल्यावर एकदा आणि गेल्यावर एकदा." मग हळू म्हणाली, "आणि ह्या खेपेला तर तुमी आला ते गेलाच न्हाई."

तो उठला. माळावरून तडक चालत सुटला, बागेच्या कडेपर्यंत, तिथून विहिरीपर्यंत. इतकी वर्षं सीमेवर उभं राहून तो ज्या दाराची स्वप्नं बघायचा, त्या दारातून तो आत आला की आतल्या माणसाची घडी विसकटायची, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते समजेना. विहिरीच्या काठावर त्यानं दोन दगड आत टाकले. मग परत फिरला.

ती तशीच निवडत बसली होती.

"मग काय करू? जाऊ का? पुण्यात सिक्युरिटीची नोकरी मिळंल."

"जावा म्हणले का मी?" ती चिडली. "तुमचं एकच. एक तर घर सोडायचं, न्हाई तर घराची परेड घ्याची. आवं, नव्या घरात आल्यासारखं ऱ्हावा की जरा. नवी सून ऱ्हाती तसं. मोहरी कुठं हाय ते इचारायचं. चूक झाली तर गप ऐकून घ्याचं. मी घेतलंच की."

त्याला हसूही आलं आणि लाजही वाटली. "आणि तू कोण मग? सासू?"

"बघू," ती म्हणाली, आणि मूठभर बेदाणे त्याच्या हातावर ठेवून पुढच्या ढिगाकडं वळली.

तो एकटाच माघारी आला. शेड रिकामं व्हायला अजून दिवस होते, आणि तिनं बजावलं होतं, "न्यायला येऊ नका. माझी मी येते." गाडीत त्यानं रडण्याची ओळ खोडून जे खरं होतं ते लिहिलं, आणि शेवटी सुनेचं कलम जोडलं. शेवट काही नीट जमला नाही. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला.

रविवारी सबीना मॅडमनी निबंध वाचला, मान वर न करता दुसऱ्यांदा वाचला आणि म्हणाल्या, "शुद्धलेखन भयंकर आहे. वर्गात वाचाल का?"

लालासाहेब उभा राहिला. पलटणीपुढं बोलताना त्याचा आवाज कधी हलला नव्हता, इथं हलला. वाचून झाल्यावर कंडक्टरनं टाळी वाजवली आणि एकट्याचीच आहे असं बघून थांबवली. मागच्या बाकावर एक आशा वर्कर होती, चाफळकडची. तिचा नवरा फौजेत, राजस्थानात पोस्टिंगला होता. ती उभी राहिली.

"काका, आमच्या ह्यांची पुढच्या आठवड्यात सुट्टी हाय. लगीन होऊन दोन वर्षं झाली, पण दर वेळी पयल्या दिवशी काय बोलायचं तेच कळत न्हाई. मी रानात जाऊन बसते. काय बोलायचं असतं?"

सगळा वर्ग त्याच्याकडं बघायला लागला. मॅडमसुद्धा. "पोरी, ते मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "इचारून सांगतो."

स्टँडवर आल्या-आल्या त्यानं फोन लावला. संयोगितानं उचलला नाही. तो फलाटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिला. उसाचा रस घेतला, तो अर्धाच प्यायला. फोन परत लावला. मग तिचाच आला. मागं शेडचा गलका होता.

"काय झालं? आत्याबाई बऱ्या हाईत न्हवं?"

"बऱ्या हाईत. एक इचारायचं हुतं." त्यानं त्या मुलीचं सांगितलं.

"थांबा," ती म्हणाली. तिनं कुणाला तरी काहीतरी बजावलं, मग गलका मागं पडला; ती बाहेर उन्हात आली असावी. "तिला म्हणावं, पयल्या दिवशी काय बी इचारू नको. त्याला भूक किती हाय ते त्याचं त्यालाच कळत नसतंय, गाडीचा हादरा अंगात असतोय. पण रानात जाऊन बसू नको म्हणावं. मी तसंच करायचे, त्येनं काय हुईत न्हाई. त्येला सोबत घेऊन जा आणि घरात काय-काय बदललं ते दाखीव. कुठली शेरडी व्याली, कुणाचं लगीन जमलं. आणि त्येनं काय सांगितलं, मग ते आवडू न आवडू..."

ती बोलत राहिली. लालासाहेब खांबाला टेकून ऐकत होता, मध्येच म्हणत होता, "व्हय. मग?" फलटणची गाडी लागली, भरली आणि निघून गेली.